पहिली टर्म संपताना: बडोद्याहून इंग्लंडला गेलेल्यांसाठी

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या दांडिया बाजारातल्या घरी रात्री साडेअकरा-बाराला फोन वाजायला लागतो. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सहा-साडेसहा झालेले असतात, बाहेर दोन तासांपासून काळोख असतो, आणि सप्टेंबरात गेलेलं कुणाचं तरी पोर विचारतं, "ताई, दोन मिनिटं आहेत का?" दोन मिनिटांचा प्रश्न आजवर कुणीही विचारलेला नाही. मी इंग्लंडच्या मधल्या भागातल्या एका शहरात मास्टर्स करून परत आले, तेव्हापासून गल्लीतल्या, नात्यातल्या आणि आईच्या भजनी मंडळातल्या काकूंच्या मुलांसाठी मी बिनपगारी चौकशी खिडकी झाले आहे. तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढते.

आधी आपल्याच एका खोडीबद्दल. आपण बडोद्याची मराठी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या गुजरातीच्या शेजारी राहून आपण एक मंत्र पक्का उचलला आहे: "थई जशे." होऊन जाईल. इथे होतंही. शेवटच्या दिवशी रावपुऱ्यातलं कुणीतरी ओळखीचं निघतं, साहेब चहा पाजतो आणि कागदावर शिक्का बसतो. तिकडेही मागितलं तर मिळतं, कधी कधी आपल्याला लाज वाटावी इतक्या सहज मिळतं, पण तारखेच्या आधी मागितलं तर. तारीख उलटली की तोच हसरा माणूस "सॉरी" म्हणतो, आणि त्या सॉरीच्या पलीकडे कुणाचाही मामा बसलेला नसतो.

१. सगळ्या तारखा एका कागदावर उतरवा

मोबाइलमध्ये नको. कागदावर, आणि तो कागद पलंगासमोरच्या भिंतीवर. प्रत्येक मॉड्यूलची, म्हणजे विषयाची, सबमिशनची तारीख आणि वेळ, टर्म कोणत्या दिवशी संपते, जानेवारीत परीक्षा आहे का, फीचा पुढचा हप्ता कधी, घरभाडं कधी कापलं जातं, परतीचं विमान कधी.

वेळ लिहा म्हणते त्याला कारण आहे. माझ्या पहिल्या मोठ्या असाइनमेंटची मुदत होती बारा. मी धरलं रात्रीचे बारा. ते होते दुपारचे. सव्वाबाराला सहज पान उघडलं, तर वर लाल अक्षरांत "लेट" लिहिलेलं. मी अजून शेवटचा परिच्छेद लिहीत होते. बऱ्याच विद्यापीठांत उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाच गुण जातात, आणि पाऊण तास उशीर झाला तरी एक दिवसच धरतात. माझे पाच गेले. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात. म्हणून उन्हाळ्यात साडेचार तासांचं अंतर थंडीत साडेपाच होतं. घरच्यांनाही हे सांगून ठेवा, नाहीतर आईचा सकाळी दहाचा प्रेमळ फोन तुमच्या पहाटे साडेचारला येतो.

२. सबमिशन

इथे जरा रेंगाळते, कारण निम्मे फोन याचेच असतात.

तुमचं लिखाण बहुतेक ठिकाणी टर्निटिन नावाच्या यंत्रणेतून जातं. ती जगभरच्या मजकुराशी ताडून किती टक्के जुळतं ते दाखवते. हा आकडा पाहून पोरं घाबरतात. संदर्भसूची जुळणारच, अवतरणचिन्हांत दिलेली वाक्यंही जुळणार. अमुक टक्क्यांच्या खाली म्हणजे सुरक्षित, असा नियम मनात धरू नका. कुठला भाग जुळला आहे ते उघडून बघा. दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडलं तरी कुणाचं ते लिहावं लागतं, आणि आपल्याकडच्या "नोट्समधून उतरवलं" या सवयीला तिथे चोरी म्हणतात.

याहून जास्त पोरं अडकतात ती मैत्रीत. फ्लॅटमेट त्याच कोर्सला असतो, म्हणतो, "यार, फक्त बघायला दे." तुम्ही देता. तो दोन परिच्छेद उचलतो. चौकशीला दोघांनाही बोलावतात, कारण ज्याने दिलं तोही दोषी धरला जातो. त्याला कोल्युजन म्हणतात. आपल्याकडे वही न देणारा कंजूस ठरतो, हे मला ठाऊक आहे. तरी देऊ नका. हवं तर एकत्र बसून चर्चा करा, आणि मग दोघं दोन खोल्यांत जाऊन लिहा. एआय वापरायचं की नाही हे प्रत्येक मॉड्यूलच्या सूचनांत लिहिलेलं असतं, आणि एका मॉड्यूलचा नियम दुसऱ्याला लागू होईलच असं नाही.

लिहिलेलं तीन ठिकाणी ठेवा: लॅपटॉपवर, विद्यापीठाच्या क्लाउडवर, आणि स्वतःलाच एक ईमेल. बडोद्याच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको खरं तर. सयाजीराव महाराजांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. पुढे ते लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. जमवलेली पुस्तकं दुसऱ्या जहाजाने मागून येत होती. ते जहाज पाणबुडीने बुडवलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या माणसाने नंतर लंडनला पुन्हा जाऊन डिग्री पूर्ण केली ही गोष्ट वेगळी, पण तुमच्या प्रबंधासाठी क्लाउडची सोय फुकट आहे, तेवढी वापरा.

आता एक्स्टेन्शन, म्हणजे मुदतवाढ. ताप आला, घरी कुणी गेलं, रात्ररात्र झोप लागत नाही, लॅपटॉप चोरीला गेला, तर अर्ज करता येतो. याला कुठे मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, कुठे एक्स्टेन्युएटिंग. ऑनलाइन फॉर्म असतो. अनेक ठिकाणी थोड्या दिवसांच्या मुदतवाढीसाठी डॉक्टरचा कागदही मागत नाहीत. मागितलाच तर डॉक्टरची चिठ्ठी किंवा घरच्या प्रसंगाचा पुरावा द्यावा लागतो. मराठी किंवा गुजराती कागद असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर कोणाकडून करून घ्यायचं हे ऑफिसला विचारा. हा फॉर्म मुदतीच्या आधी भरला की वागणूक एक आणि नंतर भरला की दुसरी. आजी गेली तेव्हा मी तीन दिवस कुणालाच काही बोलले नाही. घरातली दुःखं परक्या ऑफिसात काय सांगायची, असं वाटलं. चौथ्या दिवशी पर्सनल ट्यूटरला, म्हणजे विद्यापीठाने नेमून दिलेल्या मार्गदर्शक शिक्षकाला, दोन ओळींचं ईमेल टाकलं. दहा मिनिटांत उत्तर आलं, आधी सांत्वन आणि खाली फॉर्मची लिंक. इतक्या सोप्या गोष्टीसाठी मी तीन दिवस कुढत होते.

गुणांबद्दल घरी आधीच बोलून ठेवा. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी 50 ला पास, 60 ला मेरिट, 70 ला डिस्टिंक्शन. 80 फारसे कुणाला मिळत नाहीत. एका मुलाचे बाबा 62 ऐकून दोन दिवस जेवले नाहीत. दहावीत ब्याण्णव होते म्हणे. त्यांना मी न्यायमंदिराजवळच्या टपरीवर उभं करून, चहा पाजून समजावलं. शेवटी म्हणाले, "म्हणजे आपल्याकडचा फर्स्ट क्लास ना?" मी म्हटलं, तसंच धरा काका.

३. वीस तास म्हणजे वीस

डिसेंबरात दुकानं, कॅफे, गोदामं सगळीकडे माणसं कमी पडतात. मॅनेजर गोड बोलून म्हणतो, एक शिफ्ट जास्त करशील का? पौंडाला रुपयांनी गुणायची सवय अजून गेलेली नसते. हो म्हणावंसं वाटतं.

डिग्रीच्या विद्यार्थ्याला स्टुडंट व्हिसावर टर्म चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार. सगळ्या नोकऱ्या मिळून वीस: कॅफेत बारा आणि गोदामात दहा केले की बावीस झाले, नियम मोडला. या आठवड्यात पंचवीस, पुढच्यात पंधरा, सरासरी वीस, असला हिशोब चालत नाही. सुट्टीत पूर्ण वेळ काम चालतं, पण सुट्टी म्हणजे तुमच्या कोर्सची अधिकृत सुट्टी. लेक्चर संपली म्हणून सुट्टी लागली असं नसतं, आणि जानेवारीतल्या परीक्षांचे दिवसही सुट्टीत धरू नका. तुमच्या कोर्सच्या टर्मच्या तारखांचं पत्र विद्यापीठाकडून घ्या. मालकालाही ते फायलीत ठेवावंच लागतं. टर्म शुक्रवारी संपत असेल तर त्या रविवारपर्यंत वीसच धरा, फुकट चिंता नको.

आणि मोटारसायकलवर किंवा सायकलवर जेवण पोचवायचं ॲपचं काम? ते स्वयंरोजगारात मोडतं, आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगीच नाही, एक तासही नाही. "माझं अकाउंट वापर, मला तीस टक्के दे" म्हणणारे भेटतील, आपलेच भेटतील, आपल्याच भाषेत बोलणारे. पकडला जातो तो सायकलवर बसलेला.

पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. पहिल्या महिन्यांत चुकीचा टॅक्स कोड लागून जास्त कर कापला जाणं नेहमीचं आहे, आणि वर्षाचं उत्पन्न 12,570 पौंडांच्या आत असेल तर कापलेला आयकर परत मागता येतो.

४. अंधार

बडोद्याला डिसेंबरातही सूर्य सहाच्या आसपास मावळतो. तिकडे चारच्या आत. सकाळी आठला उजाडतं, तेही ढगाआड. पहिल्या वर्षी मला वाटलं मी आळशी झाले. दुपारी तीनला झोप, रात्री तीनला जाग, जेवणाची वासना गेलेली. शरीराला ऊन लागत नव्हतं, दुसरं काही नाही.

म्हणून दुपारी बाराच्या सुमारास, लायब्ररीतलं कितीही काम पडलेलं असो, वीस मिनिटं बाहेर चाला. इंग्लंडची आरोग्य खातीच सांगतात की थंडीत रोज 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा. सावळ्या त्वचेच्या लोकांनी तर वर्षभर. कुठल्याही सुपरमार्केटात गोळ्या मिळतात. खूपच बिनसलं, रडू आवरत नाही, तर विद्यापीठाची वेलबीइंग सेवा असते, टर्म संपायच्या आत तिथे नाव घाला, कारण सुट्टीत तिथली माणसंही घरी जातात.

जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, अजून नाव नोंदवलं नसेल तर आजच नोंदवा. व्हिसाबरोबर तुम्ही आरोग्य अधिभार भरलेला आहे, नोंदणीला वेगळे पैसे नाहीत. साधा सल्ला हवा तर 111, जिवावरचं असेल तर 999. अँटिबायोटिक दुकानात मागून मिळत नाही. पॅरासिटामॉलची पाकिटंसुद्धा सुपरमार्केटात एका वेळी दोनच देतात, तेव्हा ताप चढल्यावर पळापळ करण्यापेक्षा आधी आणून ठेवा.

५. पैसे

थोडक्यात. फीचा हप्ता जानेवारीत असेल तर पैसे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवायला सांगा. इथे दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, तिथे 25 आणि 26 डिसेंबर आणि 1 जानेवारीला बंद, आणि मध्ये फॉर्मवर एखादी सही राहून जातेच.

६. नाताळात तिथेच राहणार असाल तर

तिकिटं महाग म्हणून निम्मी मुलं राहतात. राहा, पण तयारीने. 24 तारखेच्या दुपारपासून शहर मिटायला लागतं. 25 ला रेल्वे जवळजवळ सगळीच बंद, लंडनमध्ये बससुद्धा नाही. मोठी दुकानं त्या दिवशी उघडायला इंग्लंडमध्ये कायद्यानेच बंदी आहे. लायब्ररीही बऱ्याच विद्यापीठांत नववर्षापर्यंत कुलूपबंद. आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्यालाही खमण मिळतं, त्यामुळे हे डोक्यात शिरत नाही. पहिल्या वर्षी 25 च्या सकाळी मी दूध आणायला बाहेर पडले, चाळीस मिनिटं चालले, आणि एका पेट्रोल पंपावरून चॉकलेट घेऊन परत आले.

23 पर्यंत कणीक, तांदूळ, डाळी, कांदे-बटाटे, दूध भरून ठेवा. घरात प्रीपेड मीटर असेल तर गॅस-विजेचं टॉप-अप तेव्हाच करा. कुणाकडे जायचं असेल तर रेल्वेचं तिकीट आधी काढा. 35 पौंडांच्या 16-25 रेलकार्डावर भाड्यात एक तृतीयांश सूट मिळते, आणि 26 ओलांडलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यालाही ते मिळतं. युरोपात फिरून यायचा बेत असेल तर शेंगेन व्हिसा वेगळा लागतो. इंग्लंडचा चालत नाही. डिसेंबरात हा विचार सुचला असेल तर यंदाचं सोडून द्या, ईस्टरचं बघा.

एकटं वाटेल. त्यावर मला सुचलेला उपाय लेस्टरचा. बेलग्रेव्ह रोडवर, ज्याला गोल्डन माइल म्हणतात, उतरले आणि कानावर गुजराती पडली. फरसाणवाल्या मावशींना मी "केम छो" म्हटलं तर त्यांनी विचारलं, "बेटा, कयुं गाम?" वडोदरा म्हणताच एक फाफडा हातावर ठेवला. मराठी घरात जन्मून मला परदेशात माहेर भेटलं ते गुजरातीत. लंडनला जाणाऱ्यांसाठी महाराष्ट्र मंडळ आहे, 1932 पासूनचं. थंडीतही तिथे काही ना काही कार्यक्रम असतात, जायच्या आधी चौकशी करा.

हॉलमध्ये उरलेल्या कोरियन, नायजेरियन, ब्राझिलियन मुलांना एक दिवस जेवायला बोलवा. मोहरी तडतडवण्याआधी खोलीचं दार लावा आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडा. फोडणीने धुराचा अलार्म वाजून अख्खी इमारत नाइटड्रेसवर पावसात उभी राहिली, की मैत्री होते खरी, पण वेगळ्या प्रकारची.

७. घर बंद करून बडोद्याला निघताना

आधी कागद. आता प्लास्टिकचं कार्ड नाही, ई-व्हिसा आहे. यूकेव्हीआयच्या (ब्रिटनच्या व्हिसा विभागाच्या) खात्यात लॉगिन करून बघा की तुमचा चालू पासपोर्ट तिथे जोडलेला आहे. मध्यंतरी पासपोर्ट बदलला असेल तर ते आधी नोंदवा, विमानतळावरच्या रांगेत नको. विद्यार्थी असल्याचं विद्यापीठाचं पत्र हातातल्या बॅगेत. टर्म संपायच्या आत निघायचं असेल तर लेखी परवानगी हवी.

परतीच्या तारखेवरून प्रत्येक घरात भांडण होतं, आणि भांडणाचं नाव उत्तरायण. 14 ला गच्चीवर पतंग, 15 ला वासी उत्तरायण, उंधियू, जिलेबी. आई म्हणते, सोळाचं तिकीट काढ. पण बऱ्याच विद्यापीठांत टर्म त्याच्या आतच सुरू होते, आणि हजेरी पाहून होम ऑफिसला, म्हणजे तिथल्या गृहखात्याला, कळवायची जबाबदारी विद्यापीठावर असते. तारीख बघा, अडचण असेल तर विचारा, आणि नाही मिळाली तर काकाला व्हिडिओ कॉलवर मांजा पकडायला लावा. दिल्लीवरून जोडविमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा, डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे तिथे विमानं खोळंबतात. अहमदाबादला उतरलात तर एक्सप्रेसवेने घरी.

आता खोली. मी जे केलं ते करू नका. धुतलेले कपडे रेडिएटरवर पसरले, खिडक्या घट्ट लावल्या, पैसे वाचवायला हीटिंग पूर्ण बंद केलं आणि तीन आठवडे बडोद्यात मजा केली. परत आले तर कपाटामागची भिंत काळी, कोल्हापुरी चपलांवर हिरवी लव. घरमालकाने डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापायचा विचार बोलून दाखवला. वाचवलं ते सप्टेंबरात राहायला आले त्या दिवशी काढलेल्या फोटोंनी. भिंतीला ओल तेव्हाच होती. तेव्हा फोटो काढा, येताना आणि जाताना, तारखेसकट. इंग्लंडमध्ये खासगी भाड्याच्या घराचं डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त सहसा घेता येत नाही, आणि मालकाने ते तीस दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा करायचं असतं. पावती मिळाली नसेल तर जाण्यापूर्वी मागा. हीटिंग बंद करण्याऐवजी 12 ते 15 अंशांवर ठेवा, म्हणजे कडाक्याच्या थंडीत पाइप गोठून फुटत नाहीत. कपडे वाळवून घडी करा. कचरा बाहेर, फ्रिज रिकामा. कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या घरकराचं, पाकीट येऊन पडलेलं असेल तर न उघडता तसंच सोडू नका. सगळे पूर्णवेळ विद्यार्थी राहत असतील तर घराला तो कर माफ असतो, पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र पाठवावं लागतं.

परत येतानाच्या बॅगेवर तर आयांशी युद्धच. इंग्लंडात भारतातून दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंड तर नाहीच. बऱ्याचशा ताज्या भाजी-पाल्यालाही प्रमाणपत्र लागतं. माझ्या आईने तुपाची बरणी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली होती, ती मी निघायच्या सकाळी काढली, आणि ती अर्धा तास माझ्याशी बोलली नाही. न्यायचं ते कोरडं न्या: भाकरवडी, गोडा मसाला, मेतकूट, लसणाची चटणी. लिलो चेवडो लवकर खराब होतो, तो इथेच खाऊन जा.

आणि खोलीला कुलूप लावण्याआधी शेवटचं एक काम. ओट्यावर, समोर दिसेल असं, वाटीभर मूगडाळ, वाटीभर तांदूळ, हळद आणि मीठ काढून ठेवा, शेजारी कुकर. जानेवारीत तुम्ही पोचाल तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतील, दुकानं बंद असतील, खोली गार पडलेली असेल आणि बॅगेतली भाकरवडी विमानातच संपलेली असेल.